हवामान-न्यायाच्या भाषणांतले ‘आपण’ म्हणजे नेमके कोण?

बिनपाण्याचा माठ:
इंदिराबाईंचं १९७२च्या स्टॉकहोम पर्यावरण परिषदेतलं भाषण परत वाचलं. ‘दारिद्र्य हाच सर्वांत मोठा प्रदूषक’ असं त्या म्हणाल्याचं आपण घोकत आलो. त्यांनी खरं तर सवाल टाकला होता, गरिबी आणि गरज हेच सगळ्यांत मोठे प्रदूषक नव्हेत का? तिथपासून २०२१च्या ग्लासगो हवामान परिषदेपर्यंत सत्तेवर कोणीही असो, श्रीमंत देशांना उद्देशून सूर तोच: बिघडवलं तुम्ही, भोगतोय आम्ही. ‘भारत म्हणजे कोण’ याचं एक उत्तर या भाषणांनी आपल्या डोक्यात पक्कं बसवलंय. माझ्या मते ते अर्धंच आहे. भारताचं दरडोई कार्बन उत्सर्जन वर्षाला दोनेक टन, ही झाली सरासरी. तीत मलबार हिलचे एसी आणि मेळघाटातली चूल एकाच मापात.

कोथरूडकर:
मग काय एकूण आकडा लावायचा? अमेरिकेचा माणूस आपल्या सातपट धूर सोडणार आणि गुन्हेगार आपण! घरातली भांडणं वाटाघाटीच्या टेबलावर काढायची नसतात. ग्लासगोत शेवटच्या घटकेला आपण कोळसा ‘बंद करू’च्या जागी ‘कमी करू’ करून घेतलं, तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली. तेल-वायूबद्दल मात्र त्या मसुद्यात कोण बोललं?

वैदर्भी ठेचा:
घरातलं भांडण म्हणे! दादा, आमचं घर औष्णिक केंद्रापासून चार किलोमीटरवर आहे. आई गच्चीवर वाळवण घालत नाही, कुरडया करड्या निघतात. टीव्हीवर कोळशाचा हक्क वगैरे ऐकलं की विचारते, वीज जाते कुठं गं आपली?

कोथरूडकर:
ताई, राख उडते हा इथल्या कारभाराचा दोष. भाषणाचा नव्हे.

वैदर्भी ठेचा:
भाषणाआडच तर तो लपतो. राखेवर बोललं की गावातलेच म्हणतात, ही विकासाच्या आड येते.

दर्यावर्दी:
तुम्ही सगळे मोठ्या देशाचे. तुवालू या पॅसिफिकमधल्या चिमुकल्या बेटदेशाचे मंत्री सायमन कोफे २०२१मध्ये सूट-टाय घालून, पॅन्ट दुमडून गुडघाभर समुद्रात उभे राहून बोलले. नाटक वाटलं होतं मलाही. पण २०२३मध्ये त्या अकराएक हजार लोकांच्या देशाने घटनेतच लिहून टाकलं, जमीन गेली तरी आमचं राष्ट्र कायम. तिथे ‘आपण’ म्हटलं की सगळ्यांचेच पाय पाण्यात.

कोथरूडकर:
तुवालूला १४० कोटींच्या घरात वीज पोचवायची नाहीये हो.

वैदर्भी ठेचा:
आमच्याकडे आत्ताच गेली. मोबाइल आठ टक्क्यांवर आलाय, बाकीचं उद्या लिहिते.