फिंकेल की बुडे?
'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळात प्रो टूरच्या, म्हणजे मोठ्या व्यावसायिक स्पर्धांच्या, शेवटच्या आठात वारंवार पोचला म्हणून जॉन फिंकेलच सर्वात थोर, असं काही जण म्हणतात; हा मुद्दा मला अर्धाच पटतो. काई बुडे शेवटच्या आठात गेला दहाएक वेळा, पण त्यातले ७ प्रो टूर जिंकून आला! आठ जणांचे बाद फेरीचे सामने रविवारी असायचे, म्हणून 'काई रविवारी हरत नाही' अशी म्हणच पडली होती. त्यातली दोन जेतेपदं तिघांच्या संघाची, हे मात्र मान्य करायला हवं.

तरी एकच माणूस निवडायचा तर मी फिंकेलच म्हणेन. २०००च्या जागतिक अंतिम सामन्यात त्याच्यासमोर बॉब मायर, दोघांचे डेक (खेळायला निवडलेले पत्त्यांचे संच) जवळपास सारखेच. म्हणजे 'डेक भारी होता' ही सबबच उरत नाही. आणि १९९८मध्ये पहिला प्रो टूर जिंकलेला हा गडी २००८मध्ये क्वालालंपूरला पुन्हा जिंकतो, तेही ड्राफ्टमध्ये, जिथे पाकिटं फोडून मिळतील त्या पत्त्यांतून जागेवरच डेक बांधायचा असतो. घरून घोटून आणलेलं तिथे काय कामाचं?

पावलो व्हिटर राहिलाच की! २०२०चा जगज्जेता आहे तो.