कोल्ड ईमेलमध्ये (अनोळखी कंपन्यांना पाठवायच्या मेलमध्ये) ‘मेल थांबवा’ची सोय ठेवावी का? एजन्सी नको म्हणते

शिरोलीची_फौंड्री:
कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फौंड्री आहे. पंप केसिंग आणि व्हॉल्व्ह बॉडीची कास्टिंग करतो. सासरे भट्टी बघतात, ऑफिस माझ्याकडे. निर्यातीसाठी एका एजन्सीशी बोलणं चाललंय. अमेरिका आणि जर्मनीतल्या परचेस मॅनेजरांची यादी तेच आणणार, मेलही तेच पाठवणार. त्यांचा नमुना बघून मला कसंतरीच वाटलं. विषयाच्या आधी ‘रि:’ लावलंय, जणू आधी बोलणं झालंय. पाठवणारी कोणी जेनिफर. आमच्याकडे जेनिफर नाही, सुनंदामावशी आहेत. खाली पत्ता नाही, मेल बंद करायची सोय नाही. विचारलं तर म्हणाले, “अनसबस्क्राइब टाकलं की मेल जाहिरातीत जातो, आणि बी-टू-बीला, म्हणजे कंपनीने कंपनीला पाठवलेल्या मेलला, कायदा लागत नाही.” खरं आहे का हे?

माल_विकतो_बाबा:
सगळे असंच करतात हो. ट्रायचे (दूरसंचार नियामकाचे) २०१८चे नियम फोन आणि एसएमएसला आहेत, ईमेलला नाहीत. पाठवा बिनधास्त.

परचेसचा_माणूस:
बाबा, ट्रायचं बरोबर. पण मेल उघडणार अमेरिकेत, ओहायोत, मग ट्राय काय कामाचं?

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो. पंपाच्या कंपनीत खरेदी बघतो, असले मेल रोज येतात. ‘रि:’वाला मेल उघडला आणि खाली जुनं संभाषण दिसलं नाही, की मी थेट स्पॅमचं बटण दाबतो. जो पहिल्याच ओळीत खोटं बोलतो, तो मटेरियल टेस्ट सर्टिफिकेटात काय करेल?

अमेरिकेचा कॅन-स्पॅम कायदा २००३चा. त्यात बी-टू-बीला सूट नाही. पाठवणारा कोण ते खरं हवं, विषयाची ओळ फसवी नको, टपालाचा खरा पत्ता हवा आणि थांबवायची सोय हवी. ती सोय मेल गेल्यावर निदान ३० दिवस चालली पाहिजे आणि समोरच्याने ‘नको’ म्हटल्यावर १० कामकाजी दिवसांत मेल बंद व्हायला हवेत. त्यासाठी पैसे किंवा ईमेल सोडून इतर माहिती मागता येत नाही. दंड एकेका मेलमागे ५० हजार डॉलरच्या वर जाऊ शकतो. आणि मॅडम, मेल एजन्सीने पाठवला तरी ज्याच्या मालाची जाहिरात तोही जबाबदार. जेनिफर निघून जाईल, नाव फौंड्रीचं राहील.

पत्ता लपवताय कशाला? ‘प्लॉट नंबर अमुक, शिरोली एमआयडीसी’ दिसलं की मी नकाशावर शेड बघतो. व्यापारी आहे की खरा कारखानदार, ते तिथेच कळतं.

शिरोलीची_फौंड्री:
आम्ही दिवसाला पंधरा-वीसच मेल पाठवणार. त्याला लिंक हवीच का? आणि जर्मनीचं काय?

परचेसचा_माणूस:
लिंकच हवी असं नाही. “पुन्हा मेल नको असेल तर ‘नो’ एवढंच उत्तर द्या” ही ओळ अमेरिकेत चालते. मात्र ते उत्तर रोज कोणीतरी वाचलं पाहिजे. गूगल आणि याहूने २०२४मध्ये एका क्लिकवर मेल थांबवता येण्याची अट घातली, ती मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांना. जीमेलच्या हिशेबात दिवसाला ५,००० मेल. तुम्ही त्यात बसत नाही. पण स्पॅमच्या तक्रारी छोट्या डोमेनलाही भोवतात. मग जुन्या ग्राहकाला पाठवलेलं इनव्हॉइससुद्धा स्पॅममध्ये जातं आणि पेमेंट का अडलं ते कोणाला समजत नाही.

एक गोष्ट एजन्सीला लेखी विचारा: ‘नको’ म्हणणाऱ्यांची यादी कोणाकडे राहणार? बहुतेक जण ते नाव नुसतं पुसतात. सहा महिन्यांनी नवी यादी आली की तोच माणूस परत आत, आणि त्याला तिसरा मेल. नाव पुसायचं नाही, ‘पाठवू नये’ अशा वेगळ्या शीटवर ठेवायचं आणि प्रत्येक नवी यादी आधी तिच्याशी पडताळायची. ती शीट तुमच्या ताब्यात हवी. एजन्सी बदलली तरी तुमच्याकडेच राहिली पाहिजे.

जर्मनीला मेल पाठवूच नका. तिथल्या अनुचित स्पर्धेच्या कायद्याचं कलम ७ कंपन्यांनाही लागू आहे, जाहिरातीच्या मेलला आधी स्पष्ट संमती लागते. शिवाय जीडीपीआर या युरोपच्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यानुसार दुसरीकडून मिळवलेला पत्ता कुठून मिळाला, हे फार तर पहिल्या मेलमध्येच सांगावं लागतं. विकत घेतलेल्या यादीबद्दल काय लिहिणार? त्यापेक्षा ईईपीसीला (इंजिनिअरिंग मालाच्या निर्यात परिषदेला) फोन करा, ते जर्मनीतल्या हॅनोव्हर मेस्से या औद्योगिक प्रदर्शनाला भारतीय कंपन्या नेतात. नाहीतर कॅटलॉग टपालाने पाठवा. जर्मन माणूस कागद वाचतो, हे आपलं माझं मत.

माल_विकतो_बाबा:
मग ‘इन्फो’ने सुरू होणारे पत्ते वापरा ना. त्यात कोणा व्यक्तीचं नाव नसतं.

परचेसचा_माणूस:
जीडीपीआरच्या नजरेत तो बहुधा वैयक्तिक डेटा नाही, हे खरं. पण कलम ७ला त्याने फरक पडत नाही, संमती तिथेही लागतेच.

शिरोलीची_फौंड्री:
समजलं. जर्मनीची यादी नको म्हणून कळवते. अमेरिकेचे मेल माझ्या नावाने, आमच्याच पत्त्यावरून. एजन्सी फक्त कंपन्या शोधेल, आणि कुठून शोधल्या तेही लिहून देईल. ‘नो’वाली शीट सुनंदामावशींकडे. त्या उधारीची वही अशी ठेवतात की एक नाव सुटत नाही.