मर्केलची ‘मर्केलोवा’ कशी काय होते?

आडवाट: नमस्कार मंडळी, मी सध्या प्रागला शिकतेय, चेक जेमतेम वाचता येतं. इथल्या पेपरात जर्मनीच्या माजी चॅन्सेलर अँजेला मर्केल यांच्यावर लेख होता, त्यात सगळीकडे ‘मर्केलोवा’ छापलंय! माझी लॅटवियन रूममेट म्हणते आमच्याकडे ती ‘मर्केले’. दुसऱ्याच्या आडनावाला असं शेपूट लावणं मला पटत नाहीये, पासपोर्टवर आहे तेच लिहायला नको का? आणि मर्केल हे मुळात ‘मेर्केन’ म्हणजे लक्षात येणं, त्यावरून आलंय का?

पिंपळपान: नाही, मेर्केनशी संबंध नाही. मार्कवार्ट असं जुनं जर्मन नाव होतं, मार्क म्हणजे सीमा आणि वार्ट म्हणजे राखणदार, त्याचं घरगुती आखूड रूप मर्केल. बाईंचं हे माहेरचं नाव नाहीच, त्या जन्मल्या १९५४ साली हॅम्बुर्गला, कास्नर म्हणून. पहिल्या नवऱ्याचं आडनाव मर्केल, १९८२ ला घटस्फोट झाला पण नाव तेच ठेवलं. आणि गंमत म्हणजे कास्नर पण मूळचं नाही, आजोबा आताच्या पोलंडमधल्या पोझनानचे, आडनाव काझ्मिएर्चाक, १९३० मध्ये ते बदलून कास्नर केलं. म्हणजे या घराण्यात आडनाव पोलिशमधून जर्मनमध्ये येताना पार बदललंय, त्यापुढे चेकचं ‘ओवा’ काहीच नाही.

व्लतावाकाठी: मी इथे बरीच वर्षं आहे म्हणून सांगतो, यात अपमान वगैरे काही नाही. चेकमध्ये कर्ता कोण, कर्म कोण हे शब्दाच्या शेवटावरून कळतं, शब्द मागेपुढे केले तरी चालतात. बाईचं आडनाव व्यंजनावर संपलं तर त्याला विभक्ती लागतच नाही, मग मर्केलने कुणाला हरवलं की कुणी मर्केलला, हे त्या नावाच्या शेवटावरून कळत नाही. ‘मर्केलोवा’ केलं की विशेषणासारखं चालतं, मर्केलोवे, मर्केलोवोउ, सगळं मोकळं. आपण ‘ला’, ‘ने’ अशा परदेशी नावांना नुसतं चिकटवतो म्हणून आपल्याला ही अडचण जाणवत नाही.

आडवाट: व्याकरण कळलं, पण ‘ओवा’चा मूळ अर्थ ‘अमक्याची’ असाच ना? मालकी दाखवणारा? बाई कुणाची हे आडनावात कशाला? ते मला खटकतंच.

व्लतावाकाठी: हो, मूळ तेच आहे. म्हणूनच इथे खूप वाद झाले, आणि १ जानेवारी २०२२ पासून कुठल्याही चेक बाईला ‘ओवा’शिवाय आडनाव घेता येतं, कारण द्यावं लागत नाही. माझ्या मते हेच योग्य, स्वतःच्या नावाचं तिनेच ठरवावं. पेपरवाले परदेशी बायकांना सर्रास लावतात ती सवय वेगळी.

ओवीकार: एक राहिलंच, जर्मन लोक स्वतःही हेच करायचे! अठराव्या शतकात लेखिका लुईझ गॉट्शेडला ‘गॉट्शेडिन’ म्हणायचे, कवयित्री आना लुईझा कार्शला ‘कार्शिन’. आपल्याकडे जोशीणबाई, पाटलीणबाई म्हणतात तसंच. जर्मनमध्ये ते पुढे मागे पडलं, चेकमध्ये टिकलं, एवढाच फरक.

पिंपळपान: आणि लॅटवियनमध्ये हे फक्त बायकांना नाही हं, रूममेटला विचार. तिथे पुरुषाच्या आडनावालाही शेवट लागतो, जर्मन नेते ओलाफ शोल्त्सचा ‘ओलाफ्स शोल्त्स्स’ होतो, संगीतकार बाखचा ‘बाह्स’. रशियन उलट, मर्केल पुरुष असेल तर आडनाव चालवतात, बाई असेल तर जसंच्या तसं ठेवतात. पोलिशमध्ये पण मर्केलबाईंना हात लावत नाहीत, पण जर्मन कवी गटेचं मात्र विशेषणासारखं चालवून ‘गटेगो’ करतात. तेव्हा प्रागमध्ये पेपर वाचताना नाव ओळखीचं वाटलं नाही तर आधी शेवटचं ‘ओवा’सारखं शेपूट काढून बघ, बऱ्याचदा तिथेच उलगडतं.