वाईत दोन दिवस मुक्काम: ढोल्या गणपतीपलीकडे काय पाहावे?

गोदातीर:
नमस्कार. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही नाशिकहून वाईला जात आहोत. बरोबर माझी आई आहे, जिला गुडघ्यांमुळे फार पायऱ्या उतरवत नाहीत, आणि इतिहासाची आवड असलेली सातवीतली मुलगी आहे. नात्यातल्या बहुतेकांचे म्हणणे असे की वाईत ढोल्या गणपतीचे दर्शन घ्यावे आणि तासाभरात पाचगणीची वाट धरावी. आम्हाला मात्र मुक्काम वाईतच करायचा आहे. गाव, नदी आणि जमल्यास आसपासची शेतीही निवांत पाहायची आहे. त्यासाठी दोन दिवसांचे नियोजन कसे करावे, आणि आईला झेपतील अशी ठिकाणे कोणती, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कृष्णाकाठ:
मुक्काम वाईत ठेवण्याचा आपला निर्णय अगदी योग्य आहे. वाई समजते ती घाटांवरून, आणि घाट पाहायचे तर सकाळी, ऊन चढण्याआधी. ढोल्या गणपतीचे देऊळ १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधले. दर्शन झाल्यावर देवळाच्या मागच्या बाजूला अवश्य जा. गाभाऱ्याची मागची भिंत सपाट नसून माशासारखी निमुळती होत गेलेली आहे. कृष्णेच्या पुराचा लोंढा तिच्यावर आदळून दोन्ही अंगांनी वाटून जावा, अशी ती योजना आहे. मुलीला ही भिंत नक्की दाखवा. नदी ओळखून बांधकाम करणे म्हणजे काय, हे तिला तिथे हात लावून कळेल. जवळच काशीविश्वेश्वराचे देऊळ आहे आणि तिथला काळ्या दगडाचा नंदी इतका घोटीव आहे की त्याच्या गळ्यातल्या माळा आणि घंटा निरखत बराच वेळ जातो. आपल्या आईंना या दोन्ही ठिकाणी फारसा त्रास होऊ नये.

गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि भीमकुंड आळी असे घाट आहेत. माघ-फाल्गुनात या घाटांवर आळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव होतो. अफझलखानाच्या स्वारीचे संकट टळावे म्हणून बोललेल्या नवसातून तो सुरू झाला, असे परंपरा सांगते. अफझलखान स्वतः वाईचा सुभेदार होता, हे लक्षात घेतले म्हणजे या परंपरेमागची धास्ती समजते. आपण जाल तेव्हा एखाद्या घाटावर उत्सव चालू असेल, तर संध्याकाळ तिथेच घालवावी.

दप्तरखाना:
वरील प्रतिसादाला जोडून मेणवलीबद्दल लिहितो. वाईपासून जेमतेम तीन किलोमीटरवरचे हे गाव नाना फडणवीसांचे. त्यांचा चौकांचा वाडा, त्यातली भित्तिचित्रे आणि वाड्यामागचा कृष्णेचा घाट हे सगळे एकाच आवारात असल्यासारखे आहे. इतिहासाच्या अभ्यासकांना ‘मेणवली दप्तर’ परिचित आहे, ते इथल्याच कागदांचे.

घाटावरच्या छोट्या देवळीत एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूसह मेरीची आकृती आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलुखात आल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. ही त्यांपैकीच एक. मुलीने वसईची मोहीम पुस्तकात वाचली असेल, तर तिला ती आकृती स्वतः शोधू द्या. आईंना मात्र घाटाच्या तळापर्यंत नेण्याचा आग्रह धरू नये. पायऱ्या उंच आहेत आणि पाण्याजवळच्या निसरड्याही असतात. वरच्या टप्प्यावर बसूनही घाटाची अर्धचंद्राकृती बांधणी व्यवस्थित दिसते.

दुसरा आग्रह विश्वकोशाचा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचे काम वाईतून चालवले आणि १९७६ मध्ये पहिला खंड प्रसिद्ध झाला. तर्कतीर्थ ज्या प्राज्ञपाठशाळेत घडले, ती केवलानंद सरस्वतींची पाठशाळाही याच गावात, आणि विनोबांनीही तिथे अध्ययन केले. या वास्तूंमध्ये प्रेक्षणीय असे फार नाही, हे खरे. तरीही मराठीतल्या ज्ञानाचा एवढा मोठा प्रकल्प एका तालुक्याच्या गावात उभा राहिला, याचे महत्त्व मला कोणत्याही वाड्यापेक्षा कमी वाटत नाही. कार्यालयीन वेळेत गेल्यास इमारत पाहता येईल.

पसरणीकर:
शेतीबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. मार्चचा पहिला आठवडा म्हणजे आमच्याकडे हळदीचे दिवस. या सुमारास काढणी आटोपत आलेली असते आणि शिजवणी-वाळवणीची गडबड चालू असते. जमिनीतून काढलेले गड्डे आणि हळकुंडे वेगळी करतात, ती शिजवतात, मग कडक उन्हात पसरून वाळवतात आणि शेवटी फिरत्या पिंपात घालून पॉलिश करतात. पूर्वी शिजवणी मोठ्या काहिलीत होई. आता बहुतेक ठिकाणी वाफेवरचे कुकर आले आहेत. वाळलेले हळकुंड मोडले की टणत्कार होतो आणि आतला रंग केशरीकडे झुकलेला दिसतो. हळद शिजते आहे असे शेत वासावरूनच कळते. रस्त्याकडेला गाडी थांबवून शेतकऱ्याला विचारले, तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. फक्त वाळत घातलेल्या हळदीवर पाय पडू देऊ नये. थोडी हळद तिथूनच विकत घेतलीत, तर आम्हालाही बरे वाटेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोमला जा. नृसिंहाच्या देवळाच्या आवारात कमळाच्या आकाराचे कुंड असून त्यात कासवाच्या पाठीवर नंदी बसवलेला आहे. पुढे धोम धरणाचा जलाशय आहे. खोऱ्यातली बागायत या पाण्यावर कशी उभी आहे, हे तिथून खाली नजर टाकली की दिसते. मुलीला लेणी पाहायची असतील, तर लोहारे गावाजवळ बौद्ध लेणी आहेत आणि तिथल्या स्तूपाचीच आज पालपेश्वर म्हणून पूजा होते. मात्र तिथली चढण आईंसाठी नाही.

तारखा ठरवण्याआधी पंचांग पाहा. रंगपंचमीला बावधनचे बगाड, म्हणजे नवस फेडणाऱ्याला वर बांधून ओढतात तो उंच लाकडी गाडा, असते. सोनेश्वरच्या नदीकाठापासून बावधनपर्यंत बैलांच्या जोड्या बदलत ते ओढत नेतात. गर्दी प्रचंड असते आणि रस्ते बंद होतात. बगाड पाहायचेच असेल तर आईंना त्या दिवशी मुक्कामीच ठेवावे.

गोदातीर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिल्या दिवशी सकाळी घाट व गणपती आणि दुपारनंतर मेणवली. दुसऱ्या दिवशी धोम आणि वाटेत हळदीचे शेत, असे ठरवले आहे. पाचगणी यावेळी वगळतो. एकच शंका उरते: गणपतीच्या देवळापर्यंत गाडी जाते का, की आईला चालावे लागेल?

कृष्णाकाठ:
आईंना देवळाच्या शक्य तितक्या जवळ उतरवून गाडी पुढे लावावी. संकष्टी आणि अंगारकी टाळलीत, तर गर्दीही त्रासदायक होणार नाही.