मदत हवी आहे : इटालियन फ्रिगेटच्या किटमधून अमेरिकेची 'कॉन्स्टेलेशन' करता येईल का?

गलबतवाला : माझ्याकडे इटलीच्या बर्गामिनी वर्गातील फ्रिगेटचे (मध्यम आकाराच्या युद्धनौकेचे) प्लास्टिकचे लहान प्रतिकृती जोडण्याचे किट आहे. अमेरिकी नौदलाच्या 'कॉन्स्टेलेशन'चा मूळ आराखडा तोच असल्याने किरकोळ बदलांत काम भागेल असे वाटले होते. परंतु नाळ (जहाजाचे पुढचे टोक) आणि डोलकाठी दोन्ही चित्रांशी जुळत नाहीत. प्रदर्शन तोंडावर आले आहे, तरी नेमके कुठे कापायचे ते कृपया सांगावे.

सुकाणू : किट १:३५० चे (मूळ जहाजाच्या ३५० पट लहान) की १:७०० चे? पाणबुडीविरोधी आवृत्तीचे की सर्वसाधारण?

गलबतवाला : अर्थातच १:३५०. आवृत्ती खोक्यावर लिहिलेली नाही; पुढे लांब नळीची मोठी तोफ आहे.

सुकाणू : म्हणजे १२७ मिलिमीटरची तोफ, सर्वसाधारण आवृत्ती. अमेरिकेने जहाज सुमारे ७.२ मीटरने लांबवले, म्हणजे तुमच्या प्रमाणात दोन सेंटिमीटर वाढवावे लागतील; रुंदीला हात लावू नका. नाळेखालचा सोनारचा (ध्वनीने पाणबुड्या शोधणाऱ्या यंत्राचा) फुगवटा काढला आहे, पुढे ५७ मिलिमीटरची तोफ आहे, आणि क्षेपणास्त्रांच्या उभ्या नळ्या १६ ऐवजी ३२ आहेत. इटालियन डोलकाठीवर फिरते रडार आहे, तर अमेरिकेच्या रडारची तीन स्थिर तोंडे असल्यामुळे डोलकाठी नवीच करावी लागेल. बाजूचे चित्र १:३५० ला छापा आणि किट त्यावर ठेवूनच कापण्याची जागा ठरवा.

तांडेल_७ : मुळात हा खटाटोप कशासाठी? मूळ आराखड्याशी ८५ टक्के साम्य राहील असे ठरले होते, ते १५ टक्क्यांच्याही खाली घसरले. आराखडा अपुरा असतानाच ऑगस्ट २०२२ मध्ये बांधणी सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये योजनाच गुंडाळली. तयार किट कापत बसून तुम्हीही तेच करत आहात. त्यापेक्षा माझगाव डॉकने बांधलेली भारतीय फ्रिगेट 'नीलगिरी' करा. ती १५ जानेवारी २०२५ ला नौदलात दाखलही झाली आहे.

सुकाणू : योजना पूर्ण गुंडाळलेली नाही. पुढची चार जहाजे रद्द झाली असली, तरी 'कॉन्स्टेलेशन' आणि 'काँग्रेस' या पहिल्या दोघींचे काम चालू ठेवायचे ठरले आहे. शिवाय आराखडा परका होता हे दुखणे नव्हे. तो घेतल्यावर आपल्या निकषांसाठी बदलत राहिले, हे दुखणे आहे. 'नीलगिरी'साठी वेगळा धागा काढावा.

रंगारी : अमेरिकी करडा रंग पातळ करून दोन हातांत द्यावा, म्हणजे ओघळ येत नाहीत.

गलबतवाला : रंगाविषयी मी विचारलेले नाही. फुगवटा कापला, डोलकाठी प्लास्टिकच्या पत्र्यातून करतो. परंतु ५७ मिलिमीटरची तोफ या प्रमाणात कुठून आणायची?

सुकाणू : अमेरिकेच्याच 'फ्रीडम' वर्गाच्या युद्धनौकेवर तीच तोफ आहे. १:३५० चे ते किट कोणाकडे अर्धवट पडले असेल तर तोफ मागून घ्या, आणि हेलिकॉप्टरच्या हँगरवरचे २१ नळ्यांचे रॅम (चालून येणारी क्षेपणास्त्रे पाडणाऱ्या छोट्या क्षेपणास्त्रांचे) क्षेपकही त्यातूनच काढा.