नाचाच्या ट्रॅकचे मास्टरिंग किती मोठ्या आवाजात करावे?

प्रश्न (गुहागर)
नमस्कार. आमच्या वाडीतल्या जाखडी नाचाच्या मुलांसाठी मी १२८ बीपीएमचा (मिनिटाला १२८ ठोक्यांचा) एक ट्रॅक घरीच तयार केला आहे. ढोलकी, ताशा आणि घुंगरू प्रत्यक्ष वाजवून ध्वनिमुद्रित केले आहेत. किक (ड्रमचा जाड ठोका) आणि बेस मात्र संगणकावरचे आहेत. गणपतीत तो डीजे वाजवणार आहे आणि नंतर स्पॉटिफायवरही टाकायचा आहे. उणे १४ एलयूएफएसवर (हे कानाला जाणवणारा सरासरी आवाज मोजायचे माप, शून्याच्या जवळ म्हणजे मोठा) ठेवला, तर इतर गाण्यांनंतर तो अगदीच बसका वाटतो. उणे ७ वर नेला, तर आवाज भरतो, पण ताशाच्या काडीचा टणका हरवतो. कोणता आकडा धरावा?

उत्तर (मालवण)
उणे १४ हे मास्टरिंगचे, म्हणजे तयार गाण्यावर शेवटचा हात फिरवतानाचे, लक्ष्य समजू नये. स्पॉटिफाय सर्वसाधारण सेटिंगवर गाणे ऐकवताना त्या पातळीवर आणते, म्हणजे आपला उणे ७ चा ट्रॅक तिथे ७ डेसिबलने खाली येईल आणि लिमिटरने (आवाजाची टोके ठरलेल्या मर्यादेत दाबणाऱ्या साधनाने) चेपलेला ताशा मात्र चेपलेलाच राहील. क्लबमध्ये वाजणारी गाणी बहुधा उणे ९ ते उणे ६ या पट्ट्यात असतात, पण आपल्या गाण्याला त्यातले किती झेपते हे ऐकूनच ठरवावे लागते.

त्यासाठी याच जातीची दोन गाणी निवडा आणि ती व आपला ट्रॅक मीटरवर एकाच पातळीला आणून मगच तुलना करा. एका डेसिबलने मोठे असलेले गाणेही कानाला अधिक चांगले वाटते, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. नंतर लिमिटर अर्ध्या अर्ध्या डेसिबलने चढवत जा, प्रत्येक वेळी आउटपुट तेवढेच उतरवा, म्हणजे आवाज तोच राहून फक्त चेपले जाणे ऐकू येईल. जिथे काडीची टोकदार सुरुवात प्रथम बोथट वाटेल, तिथून एक डेसिबल मागे या. स्पीकरची कळ मात्र या सगळ्या वेळात हलवू नका, कारण आवाज वाढवला की बेस आपोआप जास्त ऐकू येतो. आणि कौलांवर पावसाची सर कोसळत असताना हा निर्णय अजिबात घेऊ नका. त्या आवाजावर मात करायला आपण नकळत सगळेच चढवतो.

उत्तर (रत्नागिरी)
वरील पद्धत योग्यच आहे, पण मला मूळ दोष मिक्समध्ये, म्हणजे वाद्यांच्या आपसातल्या मेळात, दिसतो. मी मैदानावर साउंड लावतो. उणे ६ पर्यंत ताणलेला माझाच एक ट्रॅक तिथे वाजवला, तेव्हा प्रत्येक किकबरोबर ताशा खाली दबत होता आणि लगेच उसळी घेत होता, आणि ते ऐकून मला फार वाईट वाटले होते. लिमिटरला सर्वांत जास्त खायला घालतो तो खालचा बेस, आणि एलयूएफएसचे मीटर त्याच खालच्या भागाला कमी वजन देते, त्यामुळे बेस कितीही वाढवला तरी आकडा फारसा हलत नाही आणि आपण उगाच लिमिटर चढवत बसतो. ३० हर्ट्झच्या खालचे काढून टाका, किक पडताना बेस क्षणभर मागे घ्या आणि ताशाच्या चॅनलवर क्लिपर लावून दीड-दोन डेसिबलची टोके तिथेच कापा. ट्रू पीक (आवाजाचे खरे सर्वोच्च टोक) उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. डीजेला एमपी३ न देता दर्जा न घटवणारी वेव्ह फाइल द्या. थोडा आवाज कमी पडला तर मिक्सरवर तो वाढवायला ट्रिमची कळ असतेच.

प्रश्नकर्ता (गुहागर)
दोघांचेही मनापासून आभार. बेस मागे घेतल्यावर तोच लिमिटर उणे ९ पर्यंत सहज गेला आणि काडी जागेवर राहिली. उणे ८ ला घुंगरांची किणकिण एकमेकांत मिसळून नुसती सळसळ होऊ लागली, म्हणून उणे ९ वरच थांबलो आहे. दोन्हीकडे हाच मास्टर देईन.