मदत हवी आहे: उघडलेलं सीबीडी तेल फ्रिजमध्ये की कपाटात?

सीबीडी म्हणजे भांगेच्या झाडातला एक घटक. वैद्यांच्या चिठ्ठीवरचं तेल, ३० मिली, तपकिरी काचेची बाटली, ड्रॉपरचं झाकण. सीबीडी ज्यात मिसळलंय ते मूळ तेल भांगबियांचं, म्हणजे लवकर खवट होणारं. रोज अर्धा मिली. ९ मिली उरलंय, १८ दिवस पुरेल. घरात दुपारी ३६ अंश.

उजेड, उष्णता आणि हवेने सीबीडीचा जोर उतरतो, म्हणून बाटली बंद डब्यात उभी असते, ड्रॉपर जिभेला लावत नाही. फ्रिजच्या दारात ठेवली तर तेल गढूळ झालं. कोमट पाण्यात धरल्यावर निवळलं. पण बाहेर काढताच काचेवर, ड्रॉपरच्या रबराखालीसुद्धा पाणी सुटतं. तेच जास्त खटकतंय. खवट वास अजून नाही.

वरची हवा कमी करायला उरलेलं तेल १० मिलीच्या कोरड्या तपकिरी बाटलीत ओतावं का? आणि ती रोज फ्रिजमधून आत-बाहेर करणं जास्त वाईट, की ३६ अंशांचं कपाट?